यादीत वडसा नाही

भादव्यातच करायचं ठरलं.
दिवाळीनंतर मला वेळ नसतो.
मंडळांची पोस्टरं सुरू होतात ती थेट होळीपर्यंत,
तेव्हा कुणी सांगितलं, तुझ्या दुकानाला आग लागली,
तरी मी म्हणेन, थांब,
हा लाल जरा गडद करू दे.

जुनीही फुकटचीच होती, खुलीच होती.
तिच्याशी भांडण नाही.
नऊ वर्षं तिनं माझे खलनायक, नर्तकी, विनोदी नोकर
अन् खाली "खुर्ची, गादी, जमीन" असे तिकिटाचे दर
विनातक्रार सांभाळले.
पण दर अपडेटला तिचं अंग वाढत गेलं
आणि माझं यंत्र तेच, दोन जीबीचं,
नागपूरच्या एका बँकेनं मोडीत काढलेलं.
माऊस हलवायचा, चहा सांगायचा,
चहा यायचा,
मग बाण हलायचा.

रोहिणी उसेंडी म्हणाली, सर, बदला.
ती आयटीआयला जाते, दुपारी माझ्याकडे टाइप करते.
म्हटलं, कोणती घेऊ?
तिनं वहीच्या मागच्या पानावर सतरा नावं लिहिली.
सतरा!
कृषी केंद्रात धानाचं बियाणं विचारावं तसं झालं:
ही लवकर निसवते, हिला पाणी कमी लागते,
ही बारीक, भाव चांगला, पण खोडकिडा धरते.

पेनड्राइव्ह ब्रह्मपुरीहून आला, एसटीच्या कंडक्टरजवळ,
गोळ्यांच्या रिकाम्या डबीत.
त्यात तीन होत्या.
एकेक लावून पाहिली, यंत्रात न बसवता.
हे मला फार आवडलं.
रंगीत तालीमच म्हणा.
रात्रभर दरबार भरवा, हुकूम सोडा, मुकुट घाला,
बटण बंद केलं की कुठला राजा,
खाली धानाचं कापलेलं शेत
होतं तसंच.

पहिलीला प्रिंटर दिसेना.
दुसरी देखणी, पण पंखा असा घरघरायला लागला
की शेजारचा सलूनवाला येऊन पाहून गेला.
तिसरी राखाडी, तलाठ्याच्या टेबलासारखी.
कुणा पोरानं आपलं अन् प्रेयसीचं नाव जोडून
हिचं नाव पाडलं म्हणे.
पुढे त्यांचं जमलं नाही, असं रोहिणीनं वाचलं होतं.
नाव मात्र राहिलं.
मी तीच घेतली.
कारण प्रिंटर.

मग प्रश्न सुरू झाले.
भाषा? मराठी होती.
वेळ? यादीत कोलकाता होतं.
वडसा नव्हतं, नागपूरही नव्हतं.
असो. आमचे अन् त्यांचे वाजतात एकदमच.
डिस्क पूर्ण पुसायची?
इथं मी उठून बाहेर गेलो.

रेल्वेचं फाटक पडलेलं. मालगाडी संपता संपेना.
सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं होतं, दोनदा,
तरी मनात एकेक पोस्टर उलटत होतो.
यादोराव. आता नाही तो.
त्याच्या फोटोभोवतीची पांढरी कड
मी एक अख्खी रात्र बसून कापली होती,
मिशीच्या केसाकेसानं.
परतलो तर पडद्यावर प्रश्न तसाच,
रोहिणी हात मांडीखाली घेऊन बसलेली.
"तुमचं तुम्ही दाबा, सर."

दाबलं.

जुनी अक्षरं मात्र आली नाहीत.
तो फॉन्ट माझ्या बोटांना पाठ होता,
झोपेत सांगा, अर्धा श कुठल्या बटणावर.
यादोरावचं पोस्टर उघडलं:
मिशी शाबूत,
नावाच्या जागी डॉलर, अर्धविराम, इंग्रजी के.
मी काही बोललो नाही.
रोहिणीनं नव्यानं टाइप केलं,
चारच तर अक्षरं.

कार्तिकात दुर्योधन नाकाडे आला
मंडळाचं पोस्टर पाहायला.
मी वाट पाहत होतो, काहीतरी म्हणेल.
आता चहा मागे पडतो, बाण पुढे जातो,
एवढं तरी दिसावं माणसाला.
त्यानं पडद्याला नाक लावलं.
"माजा नाव बारीक झाला ना गा."
वाढवलं.
"आजूक."
आजूक वाढवलं.
नाव नायिकेच्या खांद्यावर चढलं
तेव्हा कुठे तो
खुर्चीला टेकला.